सासूबाईंचा कूलर आणि ५३४ युनिटं

प्रिय सुनीता,

तुझं पत्र काल दुपारी मिळालं आणि फोनवर पाठवलेला बिलाचा फोटोही पाहिला. आकडा वाचून तुला धस्स झालं असणार, ते समजतं. पण मला जास्त लागलं ते पत्रातलं शेवटचं वाक्य. "सासूबाईंना बोलले, दिवसभर कूलर चालू असतो म्हणून. दोन दिवस झाले, त्या कूलर लावतच नाहीत." नाशिकचा मे महिना, वय ७८! सुनीता, हे पत्र वाचून होईपर्यंत थांबू नकोस. आधी उठ, त्यांच्या खोलीतला कूलर लाव, मग पुढचं वाच.

आता तुझं बिल. रुपयांकडे थोडा वेळ पाहू नकोस, युनिटं पाहा. चालू रीडिंग वजा मागील रीडिंग, ५३४. मागच्या महिन्याच्या रकान्यात ११८ आहेत, आणि तिथे रीडिंग उपलब्ध नाही असा शेरा आहे. म्हणजे एप्रिलमध्ये मीटरपर्यंत कुणी पोचलंच नाही. थंडीतल्या महिन्यांची सरासरी काढून ११८ लावले. खरा वापर मीटरमध्ये साचत राहिला आणि मेच्या बिलात एकदम बाहेर आला. २०२० सालच्या टाळेबंदीत हेच झालं होतं, आठवतं? मार्चअखेरपासून रीडिंग बंद, डिसेंबर ते फेब्रुवारीच्या सरासरीवर बिलं, आणि जूनमध्ये साचलेला सगळा उन्हाळा एका कागदावर. तेव्हा अख्ख्या महाराष्ट्रात ओरड झाली होती.

तेव्हा दोन महिने एकत्र धर. ही ५३४ दोन्ही महिन्यांची मिळून आहेत, म्हणजे महिन्याला २६७. आता टप्पे बघ, कारण खरी मेख तिथे आहे. घरगुती दर १०० युनिटांपर्यंत एक, १०१ ते ३०० दुसरा, ३०१ ते ५०० तिसरा आणि त्यापुढे चौथा. तिसऱ्या टप्प्यातलं युनिट पहिल्यापेक्षा अडीच-तीन पट महाग पडतं. ५३४ युनिटं एकाच महिन्याची धरली, तर तुझी २३४ युनिटं वरच्या दोन टप्प्यांत जातात. दोन महिन्यांवर विभागली, तर तिसऱ्या आणि चौथ्या टप्प्यात एकही जात नाही. रीडिंग घ्यायचं राहिलं यात तुझी काही चूक नाही, तेव्हा टप्प्यांचा फायदा दोन महिन्यांचा मिळायलाच हवा. बिलाच्या मागच्या बाजूला हिशोब किती महिन्यांचा धरलाय आणि सरासरीच्या बिलाची रक्कम वजा केलीय का, ते पाहा. केली नसेल तर अर्ज कर. त्यात फरक पडला की वीज शुल्कही कमी होईल, कारण ते १६ टक्के या सगळ्या बेरजेवरच बसतं.

राहिला कूलर. त्याच्या मागच्या पट्टीवर वॅट लिहिलेले असतील. १८० धरले आणि तो १६ तास चालला, तरी दिवसाला तीन युनिटंही होत नाहीत. महिन्याला साधारण ८६. शिवाय बिलावरच्या आलेखात गेल्या वर्षीचा मे बघ, २१२. तेव्हाही सासूबाई होत्या आणि हाच कूलर होता. यंदा नवीन काय आलं? तुझ्या मुलाच्या खोलीतला एसी. रात्रीचे सहा तास, सरासरी ११०० वॅट धरले तर महिन्याला जवळजवळ २०० युनिटं. २१२ आणि २०० म्हणजे ४१२, एप्रिलची उरली १२२. हिशोब जुळतो बघ. पोरानं एसी लावू नये असं मी म्हणत नाही, उकाडा त्यालाही होतो. पण बोलणी बसली ती नेमकी ज्यांच्यामुळे काहीच वाढलं नाही त्यांना.

मी हे इतक्या पोटतिडकीनं का लिहिते आहे, ते तुला कधी सांगितलं नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी तासगावला आई एकटी राहायची. तिचं बिल ५५-६० युनिटांच्या वर कधी जायचं नाही. ऑगस्टमध्ये ते २२१ आलं. मी इथून फोन केला आणि न विचारता सुरू झाले, "दिवसभर टीव्ही लावून झोपतेस, पंखा बंद करायचं तुझ्या लक्षात राहत नाही." ती फक्त "बरं" म्हणाली. पुढचं बिलही फारसं उतरलं नाही. मी आणखी चिडले आणि शनिवारी गाडी पकडून तासगावला गेले. संध्याकाळचे सात वाजले होते. घरात अंधार. आई सोप्यात मागच्या भिंतीला टेकून बसली होती. टीव्हीची पिन काढलेली. फ्रिज रिकामा, दार उघडं, आत कोरडं फडकं. दूध शेजारच्या काकूंकडे ठेवायची. महिनाभर ती अशी राहिली होती, आणि मला एका शब्दानं बोलली नव्हती.

त्या रात्री मी घरातले सगळे एमसीबी, म्हणजे बोर्डावरचे वेगवेगळ्या लाइनींचे छोटे स्विच, खाली केले आणि बॅटरी घेऊन मीटरपाशी उभी राहिले. मीटरवरचा छोटा लाल दिवा तरीही लुकलुकत होता. घरात एकही वस्तू चालू नाही, आणि दिवा मिनिटाला बारा वेळा. मीटरवर लिहिलं होतं, ३२०० वेळा लुकलुकलं की एक युनिट. मिनिटाला १२, तासाला ७२०, दिवसाला १७,२८०. म्हणजे रोज ५.४ युनिटं आणि महिन्याला १६२. आईचे ६० त्यात मिळव, आलं २२१च्या जवळ. मेन स्विच खाली ओढला आणि दिवा थांबला. मीटर बरोबर होता, गळती मेनच्या पुढे होती.

सकाळी वायरमन आला. मेन स्विचपासून थेट गोठ्याकडे गेलेली एक जुनी वायर होती, मागच्या भिंतीतून. जनावरं विकून किती वर्षं झाली, ती वायर कुणाच्या ध्यानातही नव्हती. उंदरानं कुरतडलेली, आणि पावसात भिंत ओली. वीज सरळ जमिनीत जात होती. वायरमननं मला आणि आईला मागे सरकायला सांगितलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं, आई रोज संध्याकाळी त्याच भिंतीला पाठ टेकून बसायची.

सुनीता, मी तिला पंख्यावरून बोलत होते.

ती वायर तोडून टाकली. त्याच दिवशी ३० मिलीअँपिअरचं आरसीसीबी बसवून घेतलं. गळती झाली की ते स्वतः वीज तोडतं. तुमच्याकडे नसेल तर बसवून घे, बिलापेक्षा ते महत्त्वाचं आहे.

तेव्हा तूही रविवारी घरातल्या सगळ्या वस्तू बंद करून, पण एमसीबी चालूच ठेवून, मीटरचा दिवा बघ. थांबला तर घरात मोठी गळती नसावी. तरीही शंका राहिली तर मीटर तपासणीचा अर्ज करता येतो. कनेक्शन तोडतील म्हणून घाबरून जाऊ नकोस. २००३च्या वीज कायद्याच्या कलम ५६ प्रमाणे १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. आणि वाद सुटेपर्यंत मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीइतकी रक्कम "निषेध नोंदवून" भरली तर वीज तोडता येत नाही. अर्जाच्या प्रतीवर पोच घे, तोंडी सांगून येऊ नकोस. तिथे दाद लागली नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे आणि त्याच्याही वर विद्युत लोकपाल. तुझ्या बाबतीत तिथवर जायची वेळ येईल असं मला वाटत नाही.

आणि सुरक्षा ठेवीचं वेगळं बिल आलं तर ते या रकमेत मिसळू नकोस. वापर वाढला की ठेवही वाढवून मागतात, पण ती आपल्या नावावर जमा राहते आणि तिच्यावर व्याज मिळतं.

पुढच्या महिन्यापासून रीडिंगच्या तारखेला मीटरचा फोटो काढून ठेव. मी आईच्या घरी शेजारच्या मुलाला तेवढं काम सांगितलं होतं, आई होती तोपर्यंत तो न चुकता पाठवायचा.

रविवारी सकाळी नऊला मीटरपाशी उभी राहून मला फोन कर. दिवा आपण दोघी मिळून मोजू. फोन सासूबाईंकडेही दे, मला त्यांच्याशी बोलायचंय.

तुझी,
नंदा