रविवारची किल्ली

श्टुटगार्ट,
११ ऑक्टोबर

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

आधी तुझ्या प्रश्नांची उत्तरं देऊन टाकतो, नाहीतर तुझं बाकीच्या पत्रात लक्ष लागायचं नाही. खोकला गेला. खरंच गेला. परवा फोनवर खाकरलो ते नुसतं घसा साफ करायला. जाड जाकीट घेतलंय, वहिनीला फोटोही पाठवलाय, तिने दाखवला नसेल तर तिला विचार. जेवण वेळेवर होतं. दादाला मी वाळलेला दिसलो तो कॅमेऱ्याचा दोष. आणि एकटा राहतो म्हणजे एकटा पडलोय असं नाही, हे किती वेळा सांगू?

पत्र एवढ्यासाठी की फोनवर बाबांचा विषय निघाला की तू गप्प होतेस आणि मी घाईघाईने इथलं हवामान सांगायला लागतो.

मी एक घड्याळ घेतलंय. भिंतीवरचं, लंबकाचं, बंद पडलेलं. जुन्या बाजारात स्वस्तात मिळालं, तेव्हा ओरडू नकोस. तबकडीवर आपल्या घड्याळासारखाच आठ टोकांचा तारा, मध्ये इंग्रजी ‘जे’. बाबा जन्मभर ‘जंगहन्स’ म्हणत आले, इथे ‘युंगहान्स’ म्हणतात. कारखाना श्रामबर्गचा, १८६१ सालचा, आणि ते गाव इथून फार लांब नाही, हे मला इतकी वर्षं इथे राहून माहीत नव्हतं. बाबांनी एकदा विचारलंही होतं, ‘तिकडे आपल्या घड्याळाचं गाव कुठे येतं रे?’ बघून सांगतो म्हणालो आणि विसरलो. शेवटी गेल्या महिन्यात जाऊन आलो. डोंगराच्या उतारावर नऊ मजल्यांची इमारत आहे, १९१८ साली पुरी झालेली, पायऱ्यापायऱ्यांनी वर चढत गेलेली. प्रत्येक कारागिराला खिडकीचा उजेड मिळावा म्हणून तशी बांधली. आता तिथे संग्रहालय आहे. त्या खिडक्यांपाशी उभा राहिलो तर मला आपला उंबरा दिसला. वीज असली तरी बारीक काम बाबा दारातच स्टूल ओढून करायचे आणि तुला दूधवाल्याशी त्यांच्या डोक्यावरून बोलावं लागायचं.

इथली एक गोष्ट मात्र तुला पटणार नाही. रविवारी ठोकाठोक बंद. बंद म्हणजे अगदी बंद. भिंतीत खिळा मारायचा नाही, ड्रिल चालवायचं नाही, गवत कापायचं यंत्र लावायचं नाही. इतकंच काय, रिकाम्या काचेच्या बाटल्यासुद्धा कोपऱ्यावरच्या पेटीत टाकायच्या नाहीत, कारण त्या खळ्ळकन फुटतात. मला वाटलं, खालच्या मजल्यावरच्या आजींनी आपल्या मनाने काढलेला नियम असेल. तर नाही, रविवारची विश्रांती यांच्या राज्यघटनेत आहे! १९१९च्या घटनेतलं ते कलम १९४९च्या घटनेत तसंच कायम ठेवलंय. पहिल्या वर्षी मी पडद्याचा दांडा बसवायला रविवारी हातोडी घेतली, तिसऱ्या ठोक्याला दाराची बेल वाजली. आजी रागावल्या नाहीत. ‘आज रविवार आहे,’ एवढंच म्हणाल्या, जणू मला वारच माहीत नव्हता.

बाबांचं काय झालं असतं गं इथे? त्यांची आठवड्याची सगळी ठोकाठोक रविवारचीच. सकाळी घड्याळाला किल्ली, मग जे काही उघडलेलं असेल ते, कधी आत्याचं शिलाई मशीन, कधी कोणाचा तरी व्हॉल्व्हचा रेडिओ. वर्तमानपत्रावर स्क्रू काढलेल्या क्रमाने मांडलेले, प्रत्येकाशेजारी पेन्सिलीने आकडा. कागद उडू नये म्हणून पंखा बंद. मे महिन्यात आपण सगळे घामाने निथळतोय, तू पदराने वारा घेत्येस, आणि तुलाही सक्त ताकीद की त्या दिशेला वारा घालायचा नाही. लोक त्यांना चिक्कू म्हणायचे. पण चिक्कू माणूस दुसऱ्याचा रेडिओ फुकट दुरुस्त करून वर स्वतःच्या पैशाने पॉलिश मारून देत नाही.

आणि ते टोले आठवतात? कोणीतरी काटे भराभर फिरवले (मीच, आता सांगायला हरकत नाही) आणि तीन वाजता अकरा टोले पडायला लागले. त्या घड्याळात टोल्यांचं मोजणीचं चाक वेगळं असतं, ते काट्यांकडे बघत नाही, आपल्या क्रमाने वाजवत राहतं. बाबांना ते जुळवायला पाच मिनिटं पुरली असती. पण धाकटी टोले मोजून हिशेब करायला लागली, चार मिळवायचे, बाराच्या वर गेलं की बारा वजा, म्हणून त्यांनी महिनाभर हात लावला नाही. तुझा उपास, औषधं, सगळ्यांचे घोळ झाले, पण धाकटीची वजाबाकी पक्की झाली.

माझं घड्याळ अजून लंगडतंय. वीसेक मिनिटं चालतं नि थांबतं. टिक आणि टॉक यांच्यामधलं अंतर सारखं यावं लागतं. बाबा डोळे मिटून ऐकायचे आणि पेटी एका बोटाने केसभर सरकवायचे. मला ते जमत नाही. मी तेव्हा शेजारी बॅटरी धरून उभा असायचो आणि माझं लक्ष गल्लीतल्या क्रिकेटकडे असायचं.

आता राहिलेलं. छपरासाठी पैसे पाठवलेत, दादाला बँकेत बघायला सांग. जास्त आहेत, चुकून नाही. धाकटीचं लग्न वर्षाच्या आत उरकायचं ठरलं ते बरं झालं, मुलगा फोनवर तरी शांत वाटला. लग्नाला दहा दिवस येतो. पण मग फेब्रुवारीत वर्षश्राद्धाला परत रजा नाही मिळणार. विचारून पाहिलं, दोनदा. बाबा गेले तेव्हाही मी तिसऱ्या दिवशी पोचलो. माझ्या लग्नाचं आपण समोरासमोर बोलू, त्या मावशींना फोटो पाठवू नकोस.

आणि घड्याळ. जुन्या वस्तू घेणारा माणूस येऊन गेल्याचं दादा म्हणाला तेव्हा मी ‘तुम्हाला योग्य वाटेल ते करा’ म्हणालो. लांब बसून दुसरं काय म्हणणार, असं वाटलं तेव्हा. पण विकू नका. त्यासाठीच जास्तीचे पाठवलेत. त्याला अडगळ म्हणा हवं तर, पण भिंतीवर राहू दे. आठ महिने फोनवर तुझ्या मागे टोले ऐकू येत नाहीत, आणि मी दर वेळी विचारीन म्हणतो नि विचारत नाही.

दादा-वहिनींना नमस्कार. पोरांना गोड पापा.

तुझा,
धोंड्या

ता.क. दादाला सांग, उजव्या भोकातली किल्ली वेळेची, डावीकडची टोल्यांची. हळू फिरवायची, घट्ट लागली की थांबायचं. काटे कधीही मागे फिरवायचे नाहीत. इथे या महिन्याच्या शेवटच्या रविवारी अख्खा देश घड्याळं तासभर मागे घेतो. माझं तोवर चालायला लागलं, तर मी लंबक धरून तासभर थांबवीन. फोन तुमच्याकडच्या आठलाच करतो. टोले चुकीचे पडले तरी चालतील.