हजर आणि गैरहजर यांच्या मधल्या मुलांसाठी

माननीय शालेय शिक्षण मंत्री, मध्य प्रदेश शासन, भोपाळ यांस,

सादर नमस्कार.

या पत्राची हिंदी प्रत भोपाळच्या वल्लभ भवनाच्या, म्हणजे मंत्रालयाच्या, पत्त्यावर पाठवली आहे. मराठीत लिहिते आहे ती इंदूरच्या रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगरातल्या आयांसाठी. त्यांच्यापैकी कित्येकींच्या घरी रोज सकाळी मूल शाळेत जायच्या भीतीनं रडतं आणि त्या शेजारणीकडेही बोलत नाहीत.

मागणी एकच आहे. ज्या मुलाला शाळेत जायची भीती बसली आहे, त्याच्यासाठी शाळेनं आणि पालकांनी मिळून परतीचा लेखी आराखडा करावा, आणि त्याप्रमाणे मूल जितका वेळ वर्गात बसेल तितकी त्याची हजेरी धरावी. तसं परिपत्रक आपल्या विभागानं काढावं.

ही मुलं दांडी मारणारी नव्हेत. दांडी मारणारा मुलगा घरी कळू देत नाही; ही मुलं आईच्या डोळ्यांसमोर, गणवेश घालून, पोट धरून रडत असतात. रविवारी संध्याकाळपासून चेहरा उतरतो. सोमवारी उलटी होते, आणि व्हॅन निघून गेली की तासाभरात मूल शांत होतं. मग घरातले म्हणतात, नाटकं करतेय. पण पोट खरंच दुखत असतं, भीतीनं दुखतं. डॉक्टरांना एकदा दाखवून दुसरा आजार नाही याची खात्री जरूर करावी. त्यानंतर मात्र कारण शोधायला हवं, आणि ते प्रत्येक मुलाचं निराळं असतं. कुणाला वर्गात उभं राहून वाचायची धास्ती, कुणाला बसमधली मोठी मुलं छळतात, कुणी आईला सोडून राहू शकत नाही, तर कुणाला घरचा मोबाईल सुटत नाही. छळ होत असेल तर आधी तो थांबला पाहिजे. तो न थांबवता मुलाला ढकलून पाठवणं क्रूरपणा आहे.

माझी मुलगी कॉलनीतल्या लहान शाळेतून सहावीला मोठ्या शाळेत गेली आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर जाईनाशी झाली. शाळा म्हणाली, रोज पाठवा नाहीतर टीसी घ्या. घरचे म्हणाले, राहू दे थोडे दिवस. दोन्ही सल्ल्यांनी नुकसानच झालं असतं. मूल जितकं घरी राहतं तितकी शाळा त्याला अवघड होते, अभ्यास साठतो, मैत्रिणींचे गट ठरून जातात, आणि “इतके दिवस कुठे होतीस?” या एका प्रश्नाचीच भीती वाटू लागते.

मार्ग काढला तो तिच्या क्लास टीचरनं. सुरुवातीला फक्त चित्रकला आणि गणिताचा तास. मॅडम स्वतः फाटकाशी येऊन तिला घेऊन जायच्या, मी तिथून लगेच निघायचं. घरी असेल तेव्हा शाळा सुटेपर्यंत टीव्ही नाही, मोबाईल नाही, रागावणंही नाही. दर शनिवारी मॅडमचा आणि माझा फोन: काय जमलं, पुढच्या आठवड्यात कोणता तास वाढवायचा. तास वाढत गेले. पण दुपारी मेसेज यायचा, “आपकी पुत्री आज अनुपस्थित है।” ज्या दिवशी ती तीन तास बसून आली त्या दिवशीसुद्धा. तिनं तो वाचला आणि विचारलं, मग मी कशाला गेले होते? याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, मॅडमकडेही नव्हतं, कारण रजिस्टरात त्या तीन तासांना जागाच नव्हती.

महोदय, कायदा आपल्या बाजूचा आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २४ नुसार पालकांशी नियमित बैठका घेऊन मुलाच्या हजेरीबद्दल बोलणं हे शिक्षकाचं कर्तव्यच आहे. कलम १७ मानसिक छळाला मनाई करतं. कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. पण विनाअनुदानित खासगी शाळांना ही समिती सक्तीची नाही, आणि इंदूरमधली आमच्यासारख्या घरांतली पुष्कळ मुलं तिथेच शिकतात. तिथला पालक पीटीएमच्या (पालक-शिक्षक सभेच्या) रांगेत गुण विचारतो आणि परत येतो.

दहावी-बारावीला सीबीएसईची ७५ टक्के हजेरीची अट येते, तेव्हा घाबरलेल्या घरांची धावपळ सुरू होते. वैद्यकीय सर्टिफिकेट हवं असतं, आणि मनाच्या डॉक्टरकडे जा म्हटलं की आमच्याकडे लोकांना एकदम बाणगंगेचं मनोरुग्णालय आठवतं. “लोक काय म्हणतील” यात महिने जातात. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक २०२२ पासून चालू आहे. तो प्रत्येक शाळेच्या डायरीत पहिल्या पानावर छापायला कितीसा खर्च येईल?

“स्कूल चलें हम” अभियानात आपण मुलांची नावं शाळेत घालता, ते मोठं काम आहे. ज्यांचं नाव पटावर आहे पण पाय उंबऱ्याबाहेर पडत नाही, त्यांनाही या अभियानात घ्या.

नवं सत्र एप्रिलमध्ये सुरू होतं. परिपत्रक त्याआधी निघालं, आणि जिल्हा शिक्षणाधिकाऱ्यांनी ते सरकारी-खासगी सर्व शाळांच्या पहिल्या पालकसभेत वाचून दाखवायला लावलं, तर सहावी आणि नववीत नव्या शाळेत पाऊल टाकणाऱ्या मुलांना याच वर्षी उपयोग होईल. मसुद्यासाठी अनुभव हवे असतील तर आम्ही काही पालक भोपाळला यायला तयार आहोत. आमच्या मॅडमही येतील, त्यांना मी विचारलं आहे.

आपली विश्वासू,
एक आई
सुदामा नगर, इंदूर