सेविकेच्या शेजारी बसणारं कुणीतरी हवं

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

अंगणवाडी सेविकांचं तीन दिवसांचं प्रशिक्षण झाल्याच्या बातम्या आपल्या दैनिकात अधूनमधून येतात. मी त्या वाचते आणि दर वेळी एकच प्रश्न मनात राहतो. चौथ्या दिवशी काय झालं? सेविका आपल्या गावी परत गेली, तिने कुलूप उघडलं, सतरंजी झटकली, समोर पंचवीस पोरं येऊन बसली. तेव्हा तिच्याजवळ कोण होतं?

धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत मी मुख्यसेविका, म्हणजे अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका, म्हणून नोकरी केली आणि आता निवृत्त आहे. माझ्या बीटमध्ये, म्हणजे माझ्याकडे सोपवलेल्या गावांच्या गटात, पंचवीसेक अंगणवाड्या असायच्या. भेटीला गेले की मी आधी रजिस्टर मागायची. आहार वाटप, वजन-उंची, लसीकरण, गरोदर माता, स्तनदा माता सगळं तपासून, शेरेबुकात शेरा लिहून पुढच्या गावाची गाडी गाठायची. पोरं गाणं म्हणत असायची, ते दोन मिनिटं ऐकायची आणि 'छान' म्हणायची. त्या गाण्यानंतर सेविका काय करते, गोष्ट कशी सांगते, गप्प बसणाऱ्या पोराला कसं बोलतं करते, हे मी वर्षानुवर्षं बघितलंच नाही. मला ते बघायला कुणी शिकवलंही नव्हतं. ही खंत आज मोकळेपणाने लिहिते, कारण माझ्या जागी आज ज्या आहेत त्यांचा दिवस माझ्यापेक्षा जास्त भरलेला आहे.

एक प्रसंग सांगते. शिरपूर तालुक्यातलं केळीचं गाव. गाव अहिराणी बोलणारं, सेविकाही गावातलीच. मळ्यात सालदार म्हणून राहणारी पावरा या आदिवासी समाजाची कुटुंबं बरीच, त्यांची आठ-दहा पोरं अंगणवाडीत यायची. येऊन भिंतीला टेकून बसायची. सेविका म्हणाली, "ताई, या पोरांना काही येत नाही. बोलतच नाहीत." मीही ते मान्य केलं होतं. एके दिवशी सेविका बैठकीला गेलेली आणि मदतनीस एकटीच होती. ती पावरा समाजातली. मी ओट्यावरूनच आतलं ऐकत राहिले. खिचडी वाढता वाढता ती पावरीत, म्हणजे त्यांच्या बोलीत, काहीबाही विचारत होती आणि तीच 'न बोलणारी' पोरं एकमेकांवर आवाज चढवून उत्तरं देत होती. एक मुलगी तर विहिरीवरची मोटार, बापाची सायकल, बकरीची पिल्लं असं सगळं जोडून गोष्टच सांगत होती. भाषा कळत नव्हती, पण हातवाऱ्यांनी मला सगळं कळलं.

सेविका मनाने चांगली होती आणि कष्टाळू होती. तिला पोरांबद्दल आपलेपणाही होता. पण पुस्तक प्रमाण मराठीत, ती स्वतः घरी अहिराणी बोलणारी, आणि पोरांच्या कानावर पावरी. गावातलं अहिराणी पोर चित्रावर बोट ठेवून 'केयं' म्हणालं तरी ती घाईने 'केळं म्हण, केळं' असं सुधारायची. आमच्याकडे ळ चा य होतो, शाळेची 'शाया' होते, त्यात चुकीचं काही नाही. आधी पोराचा शब्द घ्यायचा, मग त्याच्या शेजारी पुस्तकातला शब्द ठेवायचा, हे तिला कुणीतरी त्या खोलीत, त्या पोरांसमोर करून दाखवायला हवं होतं. सभागृहातल्या पडद्यावरून ते समजत नाही.

'अंगणवाडी' ही कल्पनाच मुळात घराच्या अंगणापर्यंत चालत जाण्याची. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि पुढे कोसबाडला आदिवासी पाड्यांत हे काम उभं केलं. पोरं शाळेत येत नाहीत तर शाळाच पोरांकडे नेली, शिंपले, बिया, पानं हेच साहित्य मानलं. मला वाटतं तोच न्याय सेविकेलाही लावायला हवा. ती प्रशिक्षणाला तालुक्याला जाते, तसं प्रशिक्षणानेही कधीतरी तिच्या अंगणात यावं.

एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू झाली. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा (आजारी मुलाला पुढच्या दवाखान्यात पाठवणं), पोषण-आरोग्य शिक्षण आणि पूर्वशालेय शिक्षण अशा तिच्या सहा सेवा. आज देशात सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत. सहा सेवांपैकी पाचांचा हिशेब कागदावर आणि आता मोबाईलवर मागितला जातो, त्या चुकल्या तर नोटीस येते. सहावी सेवा राहिली तर कुणी काही विचारत नाही, कारण तीन वर्षांच्या मुलाला आज नवा शब्द मिळाला की नाही याचा रकाना कुठल्याच रजिस्टरात नाही. सेविका तरी काय करणार, जे विचारलं जातं ते आधी उरकते.

धोरणं कमी नाहीत, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात लिहिलंय की मेंदूची ८५ टक्क्यांहून जास्त वाढ सहा वर्षांच्या आत होते. त्याच धोरणात बारावी झालेल्या सेविकांसाठी सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आणि त्याहून कमी शिकलेल्यांसाठी एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम सांगितला आहे. केंद्रशाळेच्या समूह साधन केंद्राने मार्गदर्शन करावं, महिन्याला किमान एक संपर्कवर्ग घ्यावा, हेही आहे. मे २०२३ मध्ये अंगणवाडीत आहाराबरोबर शिक्षणही व्हावं म्हणून केंद्राचं 'पोषण भी पढाई भी' सुरू झालं. २०२४ मध्ये तीन ते सहा वयासाठी 'आधारशिला' हा अभ्यासक्रम आणि तीन वर्षांखालच्यांसाठी 'नवचेतना' ही मार्गदर्शक चौकट आली. 'आधारशिला'त ४८ आठवड्यांचं खेळांचं वेळापत्रक आहे. मी ते वाचलं. मनापासून आवडलं. आमच्या वेळी असं काही हातात असतं तर!

पण ४८ आठवड्यांचं वेळापत्रक तीन दिवसांत अंगात भिनत नाही. स्वयंपाक वहीत लिहून घेतल्याने येत नाही, आईच्या शेजारी चुलीपाशी बसून येतो. वरणबट्टीची बट्टी किती भाजायची ते आकड्यात कुणी सांगू शकतं का?

सरकारी कागदांत याला 'तांत्रिक सहाय्य' म्हणतात. मोठ्या संस्था शासनाशी करार करतात, त्यांचे तज्ज्ञ येतात, साहित्य तयार होतं, अॅप येतं. त्यातले कित्येक जण कळकळीने काम करतात हे मी जवळून पाहिलंय. माझं म्हणणं एवढंच, की हे सहाय्य जिल्ह्याच्या बैठकीत थांबू नये. प्रत्येक बीटला एक पूर्णवेळ बालशिक्षण मार्गदर्शक द्या. पंचवीस अंगणवाड्या आणि महिन्याचे कामाचे दिवस साधारण तेवढेच. म्हणजे रोज एक अंगणवाडी धरली तर प्रत्येक सेविकेच्या वाट्याला महिन्यातून एक अख्खा दिवस येतो. पहिल्या वेळी मार्गदर्शक शिकवेल आणि सेविका बघेल. दुसऱ्या वेळी दोघी मिळून करतील. तिसऱ्या वेळी सेविका करेल, मार्गदर्शक मागे पोरांत बसेल, आणि पोरं घरी गेल्यावर दोघी चहा घेत बोलतील: आज कोण गप्प होतं, गोष्ट कुठे लांबली, उद्या काय बदलायचं. मार्गदर्शकाच्या हातात शेरेबुक मात्र अजिबात नको. तपासणारी बाई आली की सेविका खरी अडचण सांगत नाही, सगळं बरं चाललंय म्हणते. मीच तपासणारी होते, म्हणून हे मला पक्कं ठाऊक आहे.

ही मार्गदर्शक बाहेरून आणायची गरज नाही. दहा-पंधरा वर्षं मन लावून काम केलेल्या, पोरं जिच्याभोवती गोळा होतात अशा सेविका प्रत्येक बीटमध्ये एक-दोन तरी आहेतच. त्यांना निवडा, सन्मानाचं मानधन द्या, प्रवासभत्ता द्या, आणि डाएटमधून, म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेतून, त्यांना महिन्याला दोन दिवस शिकवा. तज्ज्ञांचा खरा उपयोग इथे आहे. जळगावच्या विद्यापीठानेही धोरणातला तो सहा महिन्यांचा अभ्यासक्रम हाती घ्यावा, अहिराणी, पावरी, भिलोरी, मावची जाणणाऱ्या मुलींना त्यात जागा राखून ठेवाव्यात. पालघर जिल्ह्यात सोनाळ्याच्या क्वेस्ट संस्थेने 'पालवी' उपक्रमातून अंगणवाड्यांत जाऊन सेविकांबरोबर असं काम केलंय. आपल्याकडून एखादी तुकडी तिथे जाऊन बघून आली तर काय हरकत आहे?

मदतनिसाला यात सोडू नका. गावची बोली बऱ्याचदा तिच्याच तोंडी असते. माझ्या नोकरीच्या काळात तिला बालशिक्षणाच्या प्रशिक्षणाला बोलावल्याचं मी फारसं पाहिलं नाही. ती केवळ खिचडी शिजवणारी नाही, हे त्या शिरपूरच्या ओट्यावर मला उशिरा का होईना कळलं.

खान्देशच्या अंगणवाडीचं आणखी एक वेगळेपण आहे, ते मुंबई-दिल्लीत बनलेल्या वेळापत्रकात मावत नाही. दिवाळी झाली की साक्री, नवापूर, धडगाव, अक्कलकुव्याकडची कुटुंबं ऊसतोडीला आणि गुजरातेत मजुरीला निघतात. पोरंही त्यांच्याबरोबर जातात. ती परततात भोंगऱ्या बाजाराच्या, म्हणजे होळीआधी भरणाऱ्या आदिवासी बाजाराच्या, आणि होळीच्या सुमाराला. चार महिने वर्गात नसलेलं पोर परत आलं की त्याला कुठल्या आठवड्याच्या खेळात बसवायचं? अंगणवाडीत टिकून राहिलेली दहा पोरं पुढे गेलेली असतात, आलेली बारा उसाच्या फडाच्या गोष्टी घेऊन आलेली असतात. चांगली सेविका त्या फडाच्या गोष्टींनाच धडा करू शकते: बैलगाडी, कोयता, उसाच्या मोळ्या मोजणं. पण हे तिला एकटीला सुचायला किती वर्षं लागतील? शेजारच्या बीटमधल्या सेविकेने हे आधीच केलेलं असतं, दोघींची गाठच पडत नाही. महिन्याच्या बीट बैठकीतला निम्मा वेळ आकडे भरण्याऐवजी या बोलण्याला दिला, तरी पुष्कळ काम होईल. सरकी, चिंचोके, मक्याचे बुरखुंडे, महूची पानं, बांबूच्या कांड्या यांतून साहित्य बनवायलाही तीच जागा बरी.

मानधनाबद्दल थोडक्यात लिहिते, कारण त्यावर आपण लिहीत असताच. २०१८ मध्ये केंद्राने सेविकेचं मानधन ३,००० वरून ४,५०० रुपये केलं, राज्य आपली भर घालतं. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेविका-मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा कायदा लागू असल्याचा निकाल दिला. डिसेंबर २०२३ मध्ये राज्यातल्या सेविकांना संपावर बसावं लागलं. जिचं पोट भरत नाही तिला शिकवण्याची नवी तऱ्हा शिकव म्हणणं अन्यायाचं आहे. मार्गदर्शक आणि मानधन ही दोन्ही कामं एकत्रच व्हायला हवीत, एकाच्या नावावर दुसरं टाळू नये.

आणि तिचा वेळ. पोषण ट्रॅकर या सरकारी मोबाईल अॅपवर नोंद करायला सातपुड्यात नेटवर्कसाठी टेकडी चढावी लागते. तो वेळ पोरांच्या वेळातून जातो. लॉकडाऊनच्या वर्षी नर्मदाकाठची एक सेविका स्वतः नाव वल्हवत पलीकडच्या पाड्यांवर आहार पोहोचवत होती, तिच्या बातम्या देशभर छापून आल्या. अशा बाईला आपण अजून एक अॅप देणार, की तिच्या सोबतीला एक माणूस देणार?

संपादक महोदय, आपल्याला एक विनंती आहे. पुढच्या प्रशिक्षणाच्या बातमीला आपले वार्ताहर जातील, तेव्हा तिथे आलेल्या एका सेविकेच्या गावाचं नाव त्यांनी विचारून घ्यावं. महिन्याभराने तिथे जावं, पोरांच्या रांगेत सतरंजीवर बसावं आणि खिचडीची वेळ होईपर्यंत उठू नये. जे दिसेल ते छापावं.

आपली,
एक निवृत्त मुख्यसेविका,
साक्री, जि. धुळे