चांदबागेतल्या मल्हारला

कराड, ४ मे

चि. मल्हार,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा आलं. 'इथलं सगळं दुसऱ्या कुणाचं तरी वाटतं' हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. बाबांना ते मोठ्यानं वाचून दाखवताना गळा दाटला.

तुला डेहराडूनच्या डून स्कूलमध्ये सोडायला आलो, तेव्हा बाबा ट्रंक आणि सामानाची यादी जुळवत होते आणि मी झाडं बघत होते. इतकी वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवतेय, नजर तिकडेच जाते. वाटलं, ही झाडं शाळेपेक्षा वडील आहेत. आणि ती आहेतच. चांदबागेत, म्हणजे तुमच्या शाळेच्या आवारात, आधी वनसंशोधन संस्था होती. तिची नवी, प्रचंड वास्तू १९२९ साली उभी राहिली आणि ही जवळपास सत्तर एकरांची जागा शाळेला मिळाली. तुमची मुख्य इमारतसुद्धा त्या संस्थेचीच.

शाळेचं स्वप्न कलकत्त्याचे बॅरिस्टर सतीश रंजन दास यांचं. त्यासाठी त्यांनी गावोगावी पैसे गोळा केले, पण १९२८ साली ते गेले. शाळा उघडली १९३५ला. या गोष्टीनं मला फार हळवं केलं बघ. ज्या माणसामुळे ती मैदानं मुलांनी भरली, त्यानं तिथे एकही मूल पाहिलं नाही.

म्हणजे पहिल्या वर्षीची पोरंही परक्याच्याच अंगणात आली होती. तुझ्यासारखीच घर सोडून. त्या काळच्या मुलांनी स्वतः खपून रोझ बोल हे खुलं नाट्यगृह बांधलं. तू तिथल्या पायऱ्यांवर बसतोस ना? 'जन गण मन' तर १९३५ पासून शाळेत गायलं जायचं. देशाचं राष्ट्रगीत ते झालं १९५० साली.

आणि हे तुझ्यासाठी राखून ठेवलं होतं: तिथे शिकवणारे गुरुदयाल सिंग १९५१ साली हिमालयातलं त्रिशूळ शिखर चढले, ७१२० मीटर! सदाशिवगड धावत चढणाऱ्या माझ्या मुलाला हे ठाऊक असायलाच हवं.

आता माझं एक काम कर. तुमच्या हाउसजवळचं सगळ्यात जाड बुंध्याचं झाड शोध. खाली पडलेलं पान देठासकट वहीत दाबून पाठव. नुसत्या पानावरून ओळखणं अवघड जातं, म्हणून फांदीवर पानं समोरासमोर आहेत की एकाआड एक, ते बघून लिही. साल खरखरीत आहे का, हात लावून बघ.

आजीनं मेतकूट केलंय, उद्या पाठवते.

तुझी,
आई