ग्रंथालयात सीनियर विद्यार्थ्यांसाठी एक टेबल हवे

प्रति,
माननीय उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

नागपूरच्या एका महाविद्यालयात मी अर्थशास्त्र शिकवते आणि एम.ए.च्या विद्यार्थ्यांना संशोधन प्रकल्पासाठी मार्गदर्शन करते. नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्यात 2023-24 पासून पदव्युत्तर अभ्यासक्रमात संशोधन पद्धती आणि संशोधन प्रकल्प यांचा समावेश झाला. हा निर्णय मला मनापासून पटलेला आहे आणि तो कागदावर राहू नये, यासाठी ग्रंथालयात सीनियर विद्यार्थ्यांनी धाकट्यांना संशोधनात मदत करण्याची सोय व्हावी, म्हणूनच हे पत्र लिहीत आहे.

आमच्याकडे काटोल-नरखेडच्या संत्रापट्ट्यातून, उमरेड-भिवापूरकडून, गोंदिया जिल्ह्यातील देवरी-सालेकशातून येणाऱ्या कितीतरी मुलामुलींच्या घरात यापूर्वी कोणीही विद्यापीठाची पायरी चढलेले नाही. समजा, नरखेडच्या एखाद्या मुलीला संत्र्याच्या आंबिया बहाराचा (हिवाळ्याअखेरीस फुलणाऱ्या पिकाचा) सौदा फळे झाडावर असतानाच करून टाकण्याच्या पद्धतीवर प्रकल्प करायचा आहे. हा व्यवहार तिने अंगणात होताना पाहिलेला असल्यामुळे विषयाची तिची जाण पक्की असते. तिला लागणारी साधनेही दूर नाहीत. केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था याच शहरात अमरावती मार्गावर आहे, अर्थ व सांख्यिकी संचालनालय प्रत्येक जिल्ह्याचे सामाजिक व आर्थिक समालोचन प्रसिद्ध करते, देशभरातील विद्यापीठांचे पीएच.डी. प्रबंध ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात आणि ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेमुळे 1 जानेवारी 2025 पासून शासकीय विद्यापीठांना सुमारे 13,000 संशोधन नियतकालिके खुली झाली आहेत. मात्र यांपैकी एकाचेही नाव तिच्या कानावर पडलेले नसते. ती मोबाईलवर दोन-चार शब्द टाकते, समोर येईल ते उतरवून काढते आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांप्रमाणे इतरांच्या लिखाणाशी साम्य 10 टक्क्यांवर गेले की तिच्याकडे संशयाने पाहिले जाते. कसे शोधावे हे जिला कोणी दाखवलेच नाही, तिच्यावर नक्कल केल्याचा ठपका येतो, याचे मला फार वाईट वाटते.

यावर कोणीही म्हणेल की ग्रंथपाल आहेत, त्यांना विचारावे. परंतु नागपुरातील बहुतेक ग्रंथालये विद्यार्थ्यांच्या दृष्टीने अभ्यासिका झाली आहेत. स्वतःची स्पर्धा परीक्षेची पुस्तके घेऊन यायचे, पंख्याखालची जागा धरायची आणि संध्याकाळी उठायचे, एवढाच त्यांचा ग्रंथालयाशी संबंध उरतो. शिवाय काउंटरपलीकडच्या माणसाला प्रश्न विचारायचा, तर आधी तो नीट मांडता यावा लागतो. पहिल्या पिढीतील विद्यार्थी नेमका तिथेच अडतो आणि आपले अज्ञान उघडे पडेल या भीतीने गप्प बसतो. तोच विद्यार्थी वसतिगृहातल्या ताईला किंवा दादाला रात्री अकरा वाजता निःसंकोच विचारतो. मोठ्यांकडून धाकट्यांकडे ज्ञान जाण्याची ही वाट मुलांनीच पाडलेली आहे. शासनाने तिला ग्रंथालयात हक्काची जागा द्यावी, अशी माझी मागणी आहे.

अमेरिकेतील मिशिगन राज्यात ग्रँड व्हॅली स्टेट विद्यापीठाच्या ग्रंथालयात प्रशिक्षित विद्यार्थी सल्लागार इतर विद्यार्थ्यांना संशोधन आणि लेखन यांसाठी मदत करतात. आपल्याला त्यांची इमारत किंवा त्यांचा खर्च नको आहे. एक टेबल, दोन खुर्च्या, इंटरनेट असलेला एक संगणक आणि ठरलेल्या वेळी तिथे हमखास बसणारा एक सीनियर विद्यार्थी पुरेसा आहे. विषय लहान कसा करावा, एकाच गोष्टीसाठी मराठी, हिंदी आणि इंग्रजीतले कोणते शब्द टाकून पाहावेत, एका प्रबंधाच्या संदर्भसूचीवरून पुढची दहा साधने कशी गाठावीत, घेतलेल्या मजकुराचा संदर्भ कसा द्यावा, हे त्याने शेजारी बसून दाखवावे. प्रकल्प मात्र त्याने लिहून द्यायचा नाही, आणि आपल्या आवाक्याबाहेरचा प्रश्न आला की ग्रंथपालांकडे घेऊन जायचे, हे प्रशिक्षणातच पक्के झाले पाहिजे.

हे काम फुकट करून घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे. ज्या मुलांना ही मदत उत्तम जमेल, त्यांतील अनेकांना सुट्टीच्या दिवशी केटरिंगच्या किंवा दुकानातल्या कामावर जावे लागते. ‘कमवा व शिका’ योजनेत आजही विद्यार्थी ग्रंथालयात पुस्तके लावतात. त्याच योजनेत संशोधन साहाय्याचे काम समाविष्ट करून त्याला तासाप्रमाणे मानधन द्यावे.

त्याच वेळी एक भीती बोलून दाखवणे मला आवश्यक वाटते. अनेक महाविद्यालयांत ग्रंथपालाचे पद रिक्त आहे, आणि विद्यार्थीच काम सांभाळत आहेत असे दाखवून ती पदे तशीच ठेवण्याचा मोह प्रशासनाला होऊ शकतो. या विद्यार्थ्यांना घडवणारा आणि त्यांच्या चुका वेळीच दुरुस्त करणारा पूर्णवेळ ग्रंथपाल नसेल, तर ही योजना सुरूच करू नये.

आपल्या विभागाने 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयाने व्यावसायिक अभ्यासक्रमांतील पात्र मुलींचे शिक्षण शुल्क माफ केले, तेव्हा अनेक घरांतली अडलेली वाट मोकळी झाली. आता प्रवेशानंतरच्या अडचणीकडेही तशाच तत्परतेने पाहावे. पहिला प्रयोग राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाचे ग्रंथालय आणि नागपूर, वर्धा, भंडारा व गोंदिया या चारही जिल्ह्यांतील काही महाविद्यालये यांत करता येईल. त्यात निदान एक महाविद्यालय तालुक्याच्या गावचे असावे. प्रकल्पांचे विषय ठरण्यापूर्वी ही टेबले सुरू व्हायला हवीत. त्यासाठीचे परिपत्रक उन्हाळी सुट्टीतच निघाले, तर विद्यार्थ्यांची निवड आणि प्रशिक्षण सत्र सुरू होण्याआधी पूर्ण होईल.

आपली विश्वासू,
अर्थशास्त्राची एक प्राध्यापिका, नागपूर