माजी नगरसेवक वकीलसाहेबांना, लालबागच्या खोलीतून

आदरणीय वकीलसाहेब,

सप्रेम नमस्कार.

जानेवारीत पालिकेची निवडणूक झाली. प्रचाराला आलेल्या एका पोरानं आईला विचारलं, "आजी, तुमचा नगरसेवक कोण?" मार्च २०२२ पासून जवळजवळ चार वर्षं मुंबईला नगरसेवकच नव्हते, त्यामुळे म्हातारी गडबडेल असं त्याला वाटलं असावं. आईनं पटकन तुमचं नाव घेतलं! तुमचं पद २००२ लाच गेलं, हे तिच्या गावीही नाही. तेव्हाच ठरवलं, राहून गेलेलं हे पत्र आता लिहायचंच.

१९९७ ला तुम्ही निवडून आलात. सकाळी चाळीच्या जिन्यात उभं राहून नळाच्या आणि गटाराच्या तक्रारी ऐकायचात, आणि दहाच्या सुमारास काळा कोट हातावर टाकून कोर्टाची वाट धरायचात. २००२ च्या सोडतीत वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला. जो तो सांगायला लागला, वहिनींना उभं करा. "तिला शाळा आहे," एवढंच तुम्ही म्हणालात. याला मूर्खपणा म्हणणारे बरेच होते, आमचे बाबासुद्धा.

तेच बाबा २००४ ला गेले. गिरणी ८२ च्या संपात गेली होती, उरली होती ती पागडीची, म्हणजे एकरकमी पैसे भरून नाममात्र भाड्यानं घेतलेली, खोली. घरमालकानं पुढच्या महिन्याचं भाडं घेतलंच नाही, वर नोटीस धाडली: भाडेकरू वारला, खोली खाली करा. मी तर मिळतील ते पैसे घेऊन नालासोपाऱ्याला जायच्या बेतात होतो. तुम्ही १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याचं पुस्तक उघडून कलम ७(१५) वर बोट ठेवलंत. भाडेकरू वारला तेव्हा त्याच्याबरोबर राहत असलेला घरचा माणूसही भाडेकरूच. "राहत होतास ना? मग कागद आण."

आईच्या ट्रंकेतून रेशनकार्ड निघालं, बेस्टची बिलं निघाली, माझा शाळेचा दाखला निघाला. आणि त्या मनीऑर्डरी! दर महिन्याला भाडं मनीऑर्डरनं पाठवायला लावायचात. ती 'घेण्यास नकार' असा शेरा घेऊन परत यायची, की तो कागद, आम्ही भाडं द्यायला तयार होतो याचा पुरावा म्हणून, फाइलला. एकदा मी वैतागून दोन महिने पाठवलीच नाही. तेव्हा पक्षकारांनी भरलेल्या ऑफिसात तुम्ही मला जे झाडलंत, त्याचा राग कित्येक दिवस होता. धोबी तलावच्या लघुवाद न्यायालयात सात वर्षं तारखा पडल्या. निकाल लागला तेव्हा कळलं, तो गठ्ठा किती कामाला आला ते.

लोक म्हणतात, तुम्ही गरिबांच्या केसेस फुकट चालवता. आमच्याकडून तुम्ही फी घेतलीत. दिवाळीला माझा बोनस झाला की घ्यायचात, पण पावती देऊन. "फुकटच्या केसला वकील तारखेला उगवत नाही," असं हसत म्हणायचात. आईला ते फार पटलं होतं. उपकाराखाली न ठेवल्याबद्दल तर जास्तच आभार.

या महिन्याची भाडेपावती माझ्या नावावर आली, नेहमीसारखीच. आईनं तिची झेरॉक्स काढायला लावली आहे, ती सोबत पाठवतो. फाइल अजून ठेवली असेल तर लावून घ्या, असा तिचा निरोप आहे.

आपला,
तिसऱ्या मजल्यावरचा भाडेकरू