सकर मासा आणि मालगुजारी तलावांची पाळ

मा. मत्स्यव्यवसाय मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,
सविनय नमस्कार.

हिवाळी अधिवेशनासाठी आपण नागपुरात याल, तेव्हा मासेमारीची चर्चा नेहमीप्रमाणे कोकण किनाऱ्यापाशीच थांबू नये, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

गेल्या उन्हाळ्यात भंडारा जिल्ह्यातल्या एका मालगुजारी (पूर्वी मालगुजार जमीनदारांच्या ताब्यात असलेल्या) तलावावर ढिवर या मासेमार समाजातले एक गृहस्थ जाळ्यातून सकर मासा सोडवत होते. त्याचे काटे दोऱ्यात असे रुतले होते, की अखेर जाळेच कापावे लागले. पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, फेकलेला तो मासा बऱ्याच वेळाने मी पायाने उलटवला, तर जिवंत! पोटात हवा घेऊन तो पाण्याबाहेरही तग धरतो. दक्षिण अमेरिकेतला हा मासा काचेवरचे शेवाळ खातो म्हणून सीताबर्डीतही बोटभर लांबीचा विकत मिळतो. वाढला की हौशी लोक त्याला जवळच्या तलावात सोडून देतात.

जाळे फाटते हे नुकसान निदान डोळ्यांना दिसते. मला अधिक काळजी पाळीची वाटते. सकर मासा अंडी घालण्यासाठी काठाच्या मातीत बिळे करतो आणि कोहळी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या बांधलेल्या आमच्या तलावांच्या पाळी मातीच्याच आहेत. मेक्सिकोतील इन्फिएर्निलो जलाशयात याच गटातल्या माशांनी टिलापिया या खाण्याच्या माशाची मोठी मासेमारी मोडीत काढली. टिलापियाही तिथे परकाच, हा भाग वेगळा.

23 सप्टेंबर 2023 रोजी अंबाझरी तलाव ओसंडून नागपूर बुडाले. ते पाणी नाग नदीतून कन्हानला, तिथून वैनगंगेला आणि गोसीखुर्द धरणाला जाते. तलावातला मासाही त्याच वाटेने जाऊ शकतो.

म्हणून सरसकट बंदीच्या परिपत्रकाआधी अभ्यास व्हावा, अशी विनंती आहे. निवडक तलावांत वर्षभर दर महिन्याला या माशाच्या पोटात काय सापडते, मादी कोणत्या महिन्यात अंड्यांवर येते, लहान मरळ आणि शिंगी हे इथले मासे घटतात का, हे तपासावे. सहकारी संस्थांच्या नोंदवहीत त्याचा वेगळा रकाना असावा आणि पकडलेला सकर जमा करणाऱ्यास मोबदला मिळावा, नाहीतर तो पुन्हा पाण्यातच जाईल. बिळांची मोजणी मात्र मे महिन्यातच करता येते, कारण पाणी उतरून पाळीचा पायथा तेव्हाच उघडा पडतो. त्यामुळे आदेश या अधिवेशनातच निघावा.

आपला,
प्राणिशास्त्राचा एक निवृत्त शिक्षक, नागपूर